पत्र्यातून कापलेला रस्ता

धुळे ते सोनगीर हा रस्ता नानांनी पत्र्यातून कापला होता. तेलाच्या डब्याचा पत्रा, परातीएवढी गोल तबकडी, आणि तिची कड मात्र गोल नाही, कुरतडल्यासारखी वरखाली. जिथं कड बाहेर आलेली तिथं चढ, जिथं आत गेलेली तिथं उतार. तबकडी एका सायकलीला जोडलेली होती. ती सायकल जागची हलत नव्हती, आणि तरी तिच्यावर बसून मी शंभरेक वेळा सोनगीरला गेले आहे.

मागच्या वर्षी नाशिकला भाच्याच्या घरी तसलंच एक यंत्र पाहिलं. सायकलीचं मागचं चाक काढून ती त्यावर बसवायची, समोर पडद्यावर परदेशातला घाट दिसतो, आणि चढ आला की पायडल आपोआप जड होतं. भाचा मला समजावून सांगू लागला की हे किती नवीन आहे. मी त्याला म्हटलं, आमच्या कॉलेजात हे होतं, फक्त पडदा नव्हता. त्याला ते खरं वाटलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

नाना आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मॅट्रिक झालेले. शिकवायचा अधिकार त्यांना नव्हता, सह्या करायचाही नव्हता. सह्या प्राध्यापक करत, बहुतेक वेळा न बघता. पण जर्नलं आधी नानांच्या हातातून जात, आणि जे रीडिंग त्यांना खोटं वाटे त्याच्या शेजारी ते पेन्सिलीनं एक बारीक टिंब देत. एवढंच. त्या टिंबाला कसलीही किंमत नव्हती, त्यानं कुणाचा मार्क गेला नाही. तरीही मुलं त्या टिंबाला भीत.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गवंड्याचा ओळंबा असे. कुणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत ते चौकटीला ओळंबा लावून बघत, आणि चौकट वाकडी असेल तर सांगत. गावात नवं घर बांधलं की वास्तुशांतीला त्यांना बोलवावं की नाही याचा लोक विचार करत. कॉलेजच्या मुख्य दरवाजाची चौकट डावीकडं अर्धा बोट कललेली आहे, हे त्यांनी तीन प्राचार्यांना सांगितलं होतं. तिसऱ्यांनी त्यांना तसं लेखी द्यायला सांगितलं, तर यांनी खरंच दिलं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नानांना सायकल येत नव्हती. कधी शिकलेच नाहीत. देवपुरातून कॉलेजला, कॉलेजातून बाजारात, सगळीकडं पायी.

त्यांनी रस्ता मोजला तो माझ्यासाठी नाही. माझ्याही आधी दोन वर्षं, चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं होतं की सोनगीरपर्यंत रस्ता अगदी सपाट आहे. नाना म्हणाले, नाही. तो म्हणाला, मोजलाय का. झालं. पुढच्या रविवारपासून नाना आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळ्या अक्का म्हणायचो, आग्रा रोडनं निघाले. गवंडी वापरतात तसली पारदर्शक नळी, तिच्यात प्रयोगशाळेतलं परमँगनेट टाकून गुलाबी केलेलं पाणी. एक टोक नानांच्या हातात, दुसरं अक्कांच्या. ट्रक शेजारून जात, ड्रायव्हर हसत, आणि ही दोघं नळीएवढ्या अंतरानं पुढं सरकत. संध्याकाळ झाली की रस्त्याच्या कडेला चुन्यानं खूण करायची आणि एसटीनं घरी. पुढच्या रविवारी पुन्हा त्या खुणेपासून. असं अठरा रविवार. अक्का सांगायच्या की लोक रविवारी बायकोला सिनेमाला नेतात, मला यांनी आग्रा रोड दाखवला, तोही वीतवीत.

माझं गाव शिंदखेडा तालुक्यातलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हायस्कूल शेजारच्या गावात, जाऊन-येऊन सोळा-सतरा किलोमीटर. ते मी वडिलांच्या सायकलीवर, दांडीखालून पाय घालून सुरू केलं आणि दांडीवरून पाय टाकेपर्यंत चालू ठेवलं. कॉलेजात आल्यावर मी पहिलं काम केलं ते सगळे करतात ते: वरच्या वर्गातल्या मुलीचं जर्नल मागून घेतलं आणि लंबकाच्या प्रयोगाची रीडिंगं उतरवून काढली.

नानांनी माझं जर्नल परत दिलं तेव्हा पानावर बावीस टिंबं होती. बावीसच्या बावीस.

मी खाली बघत उभी राहिले. त्यांनी विचारलं, "तुला खरोखर काय करता येतं? उतरवून नाही, स्वतःचं?"

मी पुष्कळ वेळ विचार केला. मग म्हटलं, "सायकल."

ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मला नाही येत," आणि कपाटातून खरा लंबक काढून माझ्या हातात दिला.

त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन सायकल शर्यतीत पहिल्यांदाच मुली घ्यायचं ठरलं. निवड व्हायची होती धुळ्यात, आग्रा रोडवर, सोनगीरपर्यंत असं ऐकलं होतं. मुलांचा सराव सुरू झाला. मी नाव द्यायला गेले तर खेळाच्या सरांनी रेक्टरबाईंकडं पाठवलं आणि रेक्टरबाईंनी परत सरांकडं. मुलींनी सहाच्या आत वसतिगृहात, आणि हायवेवर तर कधीच नाही. सर म्हणाले, सराव नसेल तर नाव घेता येणार नाही. म्हणजे सराव करायला जाता येणार नाही, आणि सराव नाही म्हणून शर्यतीतही नाही. मी रोजच्यासारखी प्रयोगशाळेत येऊन तराजूची वजनं पुसत बसले. नानांनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्यांनी फक्त मला विचारलं की प्रयोगशाळेत साडेपाचपर्यंत थांबायला बाईंची परवानगी आहे ना. ती होती.

तीन आठवड्यांनी त्यांनी मला प्रयोगशाळेशेजारच्या बॅटरीच्या खोलीत नेलं. बॅटऱ्या केव्हाच निकामी झालेल्या. भंगारातली सायकल, मागचं चाक जमिनीपासून वर. चाकाला लागून ॲल्युमिनियमची परात उभी फिरते, तिच्या दोन बाजूंना जळक्या ट्रान्सफॉर्मरच्या तारेची वेटोळी. वेटोळ्यांतून वीज सोडली की परात हवेतच आवळल्यासारखी होते, कुठं काही न टेकता. वीज किती जायची ते ती पत्र्याची तबकडी ठरवायची. आपण पायडल मारू तशी ती सावकाश फिरते, तिच्या कडेवरून एक दांडा सरकतो, चढ आला की दांडा उचलला जातो आणि पायडल जड होतं. कुणी हात लावायचा नाही. एक फेरी म्हणजे एक सोनगीर. जिथं सोनगीर संपून पुन्हा धुळं लागायचं तिथं दांडा खट्ट करून पडायचा.

"बस," नाना म्हणाले. "आपन धुळाम्हान शेतस." म्हणजे आम्ही अजून धुळ्यातच होतो.

पांझरेच्या पुलापर्यंत काही वाटलं नाही. मग नगावबारीचा चढ लागला आणि माझ्या मांड्या भरून आल्या. समोर खोलीची भिंत, भिंतीवर गेल्या सालचं कॅलेंडर, आणि मी बारी चढत होते. नाना शेजारी स्टुलावर वही घेऊन: पूल, बारी, देवभाने, सोनगीर. प्रत्येक ठिकाणी किती मिनिटं, किती सेकंद.

एकच अडचण होती. लाईट गेली की रस्ता सगळा सपाट व्हायचा. आणि लाईट तर रोज जायची. गेली की नाना हात वर करत, "थांब, रस्ता गेला." मी म्हणायचे, नाना, पाय गरम आहेत, मारू द्या. ते ऐकायचे नाहीत. लाईट नसताना मारलेली पायडलं त्यांच्या वहीत कधीच आली नाहीत. मग आम्ही अंधाऱ्या खोलीत रस्ता परत यायची वाट बघत बसायचो. अक्का दुपारचा डबा घेऊन येत, त्या मला शेंगदाण्याची चटणी-भाकरी देत आणि समोरच्या भिंतीकडं हात करून नवऱ्याला म्हणत, "यास्नी पोरले कोठे नेयं, तर भितडाकडे."

शर्यत जवळ आल्यावर समजलं की ती सोनगीरपर्यंत नाही, सोनगीरला वळून परत धुळ्याला आहे. नानांना आनंदच झाला. त्यांनी तबकडी काढली, उलटी करून बसवली. "हा परतीचा," म्हणाले. एकदा सुलटी, एकदा उलटी, असा माझा सराव सुरू झाला. परतताना शेवटी शेवटी, पाय संपलेले असताना, नगावबारी यायची आणि जीव काढायची. मी ती रोज चढले. वहीत परतीची पानं भरत गेली.

मग नानांनी माझ्यासाठी प्राचार्यांना अर्ज दिला, आणि त्या वहीवर सगळं येऊन ठेपलं. प्राचार्यांनी सांगितलं, समिती बसेल, नानांनी सरावाची नोंद दाखवावी, समितीला पटलं तर मुलीला शर्यतीत उतरू देऊ. बुधवार ठरला.

त्याआधीच्या सोमवारी सकाळी मी गावाहून एसटीनं परतत होते. देवभाने गेलं. नगावबारी आली, आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. डिझेल वाचवायला सगळेच करत. गाडी आवाज न करता, नुसती घरंगळत, बारी उतरून देवपुराकडं निघाली. शेजारची बाई झोपलेली होती. मी ताठ बसले. आपण उतरतोय, हे माझ्या लक्षात आलं. अर्थात उतरतोय. जाताना जो चढ, येताना तो उतार. आणि मी मात्र गेले कितीतरी दिवस ही बारी येतानाही चढत होते. तबकडी उलटी केली म्हणजे गावांचा क्रम उलटा झाला होता, पण बाहेर आलेली कड बाहेरच राहिली होती. चढ चढच राहिला होता आणि देवभान्याच्या नाल्याचा उतार, जो परतताना मला चढायचा होता, तो उतारच.

वहीची परतीची सगळी पानं खोटी होती.

तो दिवस मी तसाच काढला. बुधवारनंतर सांगावं असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. मंगळवारी नाना समितीसाठी वहीला पुठ्ठा घालत बसले होते, अक्का खळ लावून देत होत्या. मला राहवेना. मी सांगून टाकलं.

नानांनी तबकडी खिडकीशी धरली. सुलटी केली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. कानामागं लाल झालेले दिसले. अक्कांनी खळीची बोटं पुसली. "मी तव्हयच सांगेल व्हतं, येताबी मोजा म्हनीसन," त्या म्हणाल्या. "पन यास्ले एस्टीनी घाई."

मी म्हटलं, "नाना, समितीतल्या कुणाला कळणार नाही."

"तुले कळनं ना?"

मी मान हलवली.

"मंग झायं," ते म्हणाले, आणि पुठ्ठा घालायचं काम पूर्ण केलं.

बुधवारी बॅटरीच्या खोलीत प्राचार्य, रेक्टरबाई आणि खेळाचे सर आले. प्राचार्य मराठीचे होते, त्यांना यंत्राचं काही कळत नव्हतं आणि ते तसं मोकळेपणानं सांगत. नानांनी वही त्यांच्यापुढं ठेवली आणि कुणी काही विचारायच्या आत सांगितलं की जातानाची पानं खरी आहेत, येतानाची चुकीची आहेत, चूक माझी आहे आणि ती या मुलीनं शोधली आहे. मग पेन्सिल काढून, उभ्याउभ्याच, परतीच्या प्रत्येक रीडिंगशेजारी टिंब देऊ लागले. सहा पानं होती. सगळे बघत राहिले. माझ्या डोळ्यांसमोर माझी शर्यत टिंबाटिंबानं जात होती.

खेळाचे सर हसले. म्हणाले, "म्हणजे अर्धी वही खोटी, हे तुम्हीच सांगताय."

"अर्धी खरी आहे," नाना म्हणाले. "तुमच्या मुलांच्या सरावाची वही किती खरी आहे? आणा, शेजारी ठेवू."

सरांनी अशी काही वही ठेवलेलीच नव्हती, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

रेक्टरबाई म्हणाल्या, हायवेवर मुलीला काही झालं तर जबाबदारी कुणाची? नाना त्यांच्याकडं वळले. आवाज चढलेला नव्हता. "मुलाला झालं तर ज्याची, त्याचीच. बाई, रस्त्याला कळत नाही वर कोण बसलंय. मी अठरा रविवार मोजलाय तो."

यावर सर चिडले आणि म्हणाले, भिंतीसमोर बसून पाय हलवले तर त्याला सायकल चालवणं म्हणत नाहीत. नानांनी फक्त सीट दाखवली. सर बसले. पुलापर्यंत आरामात गेले. इतक्यात डोक्यावरचा पंखा मंदावला आणि थांबला.

"सर, लाईट गेली," नाना म्हणाले. "थांबा. रस्ता गेला."

सर कशाला थांबतात. पायडल फुलासारखं फिरत होतं. ते जोरजोरात मारत, मागं वळून प्राचार्यांना सांगू लागले की बघा, यात काही नाही, हे तर कुणीही करील. नानांनी दुसऱ्यांदा सांगितलं, आता थांबा. तबकडी मात्र सावकाश फिरत होती, दांडा वर वर चढत होता. आणि लाईट आली. पंखा फिरला, वेटोळी घुमली, आणि सरांचे पाय जागच्या जागी थिजले. गळ्यातली शिट्टी हँडलवर आपटली. ते उभे राहिले, दोन पायडलं मारली, तिसरं उतरेना.

प्राचार्यांनी अगदी कुतूहलानं विचारलं, "आता आपण कुठं आहोत?"

नानांनी तबकडीकडं बघितलं. "नगावबारीत, सर. निम्म्यावर."

रेक्टरबाईंनी पदर तोंडाला लावला. सर घाम पुसत उतरले. बराच वेळ ते माझ्या पायांकडं बघत होते. मग त्यांनीच, एवढं मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवं, कॉलेजची रेसिंग सायकल मला द्यायला सांगितली.

निवडीत आम्ही पाच मुली होतो, तिघी घ्यायच्या होत्या. जाताना मला सगळं ओळखीचं होतं. पूल, बारी, देवभाने. रस्ता काय करणार ते माझे पाय आधी सांगत होते. सोनगीरच्या किल्ल्याखाली मी पहिली पोचले. तिथं रस्त्यात एक पिंप ठेवलेलं, त्याला वळसा घालायचा. आणि मला वळता येईना. इतके दिवस मी सरळ भिंतीकडं गेले होते. हँडल कसं फिरवायचं याचा हातांना विसर पडला होता, आणि ही सायकल हलकी, नवी. पडणार असं वाटलं तेव्हा मी सरळ उतरले, सायकल उचलून पिंपाभोवती फिरवली आणि पुन्हा बसले. तेवढ्यात दोघी पुढं गेल्या. तिथली तांब्या-पितळेची भांडी घडवणारी माणसं दुकानातून बाहेर येऊन हसत होती. हसू दे म्हटलं.

परतीचा देवभान्याचा चढ माझ्या पायांना अनोळखी होता. तो मी अंधारात जिना चढावा तसा चढले. चौथी अगदी पाठीशी होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मग नगावबारी आली. आणि ती उतरली. मला माहीत होतं, एसटीत बसून पाहिलेलं होतं, तरी पायांना खरं वाटेना. ते उगाच जोर लावत राहिले आणि सायकल वाऱ्यासारखी सुटली. तिसरी आले.

शेवटच्या रेषेवर अक्कांनी मला धरलं. नाना वही उघडून उभे. अभिनंदन वगैरे नाही. "सोनगीरला किती वाजता वळलीस?"

मी म्हटलं, बघितलं नाही. खेळाचे सर शेजारी होते. ते हसून म्हणाले, नाना, आज तरी लिहा अंदाजानं. नाना म्हणाले, "अंदाजासाठी दुसरी वही घ्यावी लागेल," आणि तो रकाना मोकळा सोडला.

शर्यत झाली. निवड झाली. त्या तबकडीचं आता कुणाला काम नव्हतं. परतीचा रस्ता हवा असता तर जातानाच्या आकड्यांची चिन्हं बदलून तो घरबसल्या मिळाला असता, हे नानांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरीही पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही तिघं सोनगीरच्या किल्ल्याखाली एसटीतून उतरलो. रेक्टरबाईंनी मला स्वतः सही करून सोडलं होतं. नळी, गुलाबी पाणी, चुना. एक टोक नानांकडं, एक अक्कांकडं, आणि वही माझ्याकडं. तोंड धुळ्याकडं.

किती रविवार गेले ते वहीत आहे. नगावबारीच्या माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. मागून शिंदखेड्याची गाडी आली, तिचं इंजिन बंद झालं, आणि ती आमच्या शेजारून आवाज न करता घरंगळत गेली. खिडकीतून कंडक्टर अक्कांना ओरडून विचारू लागला की मावशी, काय सांडलंय रस्त्यावर. अक्का म्हणाल्या, "तुले नही सापडाव, तू जाय."

नानांनी वर पाहिलं नाही. ते नळीतल्या पाण्याकडं बघत होते. पाणी अजून हलत होतं. ते थांबेपर्यंत आम्ही तिघंही थांबलो.

"लिही," नाना म्हणाले.

मी लिहिलं: उतार.